स्क्रू ढिला नाही, तुटलाय!

बेस गिटारच्या नेकमध्ये दोन स्क्रू तुटून अडकले. युवा महोत्सव दोन आठवड्यांवर. उद्यमनगरच्या लेथपासून मिरजेच्या सतारमेकर गल्लीपर्यंत फिरून आलेल्या एका बेसची ही गोष्ट.

एखाद्याचा स्क्रू ढिला असला तर आपण ‘सोड रे त्याला’ म्हणतो आणि पुढं जातो. स्क्रू तुटला असेल तर तसं सोडून देता येत नाही. ढिला स्क्रू आवळता येतो, पण तुटलेल्याला डोकंच नसतं. पेचकस लावायचा कशाला? त्यातून तो बेस गिटारच्या नेकमध्ये, ऐन जोडावर तुटला असेल तर पुढचे आठ-दहा दिवस त्याच्याच नावाने गेले म्हणून समजा.

आधी हा स्क्रू तिथं काय करतोय ते बघू. बेस म्हणजे गिटारचा थोरला भाऊ. चार जाड तारा, लांब मान, आवाज खालचा. गाणं ऐकताना बेस ऐकू येत नाही असं बरेच जण म्हणतात. पण तो बंद पडला की गाण्यातलं काहीतरी गेलं, हे मात्र सगळ्यांना कळतं. 1951 मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. त्याआधी बँडमध्ये हा खालचा सूर देण्याचं काम माणसाएवढा उंच, उभ्यानं वाजवायचा डबल बेस करायचा. फेंडरनं त्याला गळ्यात अडकवता येईल असं केलं, पट्ट्या म्हणजे फ्रेट्स बसवल्या आणि आणखी एक गोष्ट केली. नेक आणि बॉडी सरसानं चिकटवण्याऐवजी स्क्रूनं जोडली.

व्हायोलिन बनवणाऱ्या कारागिराला हे कदाचित अडाणीपणाचं वाटलं असतं. पण फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांचा हिशोब साधा होता. नेक खराब झाली तर चार स्क्रू काढा, दुसरी बसवा, दुकान चालू. आज जगातल्या बहुतेक स्वस्त आणि बऱ्याचशा महाग बेसची नेक याच पद्धतीनं जोडलेली असते. तिला ‘बोल्ट-ऑन नेक’ म्हणतात. गंमत म्हणजे त्यात सहसा बोल्ट एकही नसतो. पाटावर पाय ठोकताना वापरतात तसेच लाकडाचे चार स्क्रू असतात, आणि मागून त्यांच्या डोक्याखाली एक लोखंडी प्लेट.

आता त्या चार स्क्रूंवर भार किती, ते बघा. बेसच्या चार तारा सुरात लावल्या की त्यांचा मिळून ताण पाऊणशे किलोच्या घरात जातो. म्हणजे एक मोठा माणूस चोवीस तास त्या मानेला लोंबकळतोय. हा ताण हेडस्टॉकला पुढं ओढतो, नेकचं बुड खाचेत दाबलं जातं आणि हेडस्टॉककडच्या बाजूला जोड उघडायला बघतो. म्हणून चार स्क्रूंपैकी हेडस्टॉकच्या बाजूचे दोन जास्त राबतात.

नेमके तेच दोन तुटले.

दोन आठवडे आणि दोन स्क्रू

हा बेस ज्या कॉलेज बँडचा आहे, तो त्यांच्यातल्या कुणाच्याच मालकीचा नाही. काही वर्षांपूर्वी पास आउट झालेला एक सीनियर तो ठेवून गेला. दर वर्षी जो कोण बेस वाजवेल त्याच्या घरी तो राहतो. सीनियर पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीला गावी आला की घरी जायच्या आधी चक्कर टाकून बेस बघून जातो, असं पोरं सांगतात. त्यामुळं ‘महोत्सवात वाजवायचं काय’ या प्रश्नाइतकाच ‘दिवाळीत दादाला सांगायचं काय’ हाही प्रश्न होता.

झालं असं. तारा फ्रेटपासून जरा जास्त उंच वाटत होत्या. अशा वेळी नेक काढून खाचेत कागदाची किंवा पातळ लाकडाची पट्टी घालतात, म्हणजे नेकचा कोन किंचित बदलतो. यात वावगं काही नाही, सगळे करतात. पोरांनी पट्टी घातली, नेक परत ठेवली आणि स्क्रू आवळायला घरातलं बॅटरीचं ड्रिल घेतलं. पहिला स्क्रू आत गेला. शेवटच्या वळणावर ‘टक्’ आवाज आला आणि डोकं प्लेटवर मोकळं फिरायला लागलं. दुसऱ्यावर जपून ड्रिल मारलं. तोही गेला.

नेक परत काढली तर लाकडात दोन चकचकीत ठिपके. स्क्रू पृष्ठभागाच्या अगदी बरोबरीनं तुटलेले. पकडीत धरायला केसाएवढीसुद्धा जागा नाही.

नवी नेक घेतली तर? ऑनलाइन मिळते. पण तिची भोकं या बॉडीशी जुळतीलच असं नाही, येईस्तोवर महोत्सव संपेल आणि पैशाचं तर विचारूच नका. उरलेल्या दोन स्क्रूंवर वाजवायचं? एका संध्याकाळी करून बघितलं. तारा चढवल्या तसा नेक आणि बॉडीच्या मधे व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट पडली. सूर लावावा आणि एक गाणं होईस्तोवर तो उतरावा.

तुटतात का?

हे फक्त या पोरांचं नशीब नव्हतं. फेंडर पद्धतीच्या नेक बहुतेक वेळा मेपलच्या असतात आणि त्यातलं कडक मेपल आपल्या सागवानापेक्षाही कडक. अशा लाकडात स्क्रू घालायचा तर आधी नीट मापाचं भोक पाडावं लागतं. नेकचा स्क्रू साधारण 4.2 मिलिमीटर जाडीचा असतो. त्याचे आटे सोडले तर आतला गाभा 3 मिलिमीटरच्या आसपास. भोक गाभ्याएवढं किंवा त्याहून किंचित मोठं हवं, म्हणजे फक्त आटे लाकडात रुततात. स्वस्त बेसमध्ये हे भोक बऱ्याचदा लहान असतं. मग स्क्रूला लाकूड बाजूला रेटत आत जावं लागतं, तो तापतो, पिळतो आणि सगळ्यात बारीक जागी, म्हणजे डोक्याखाली किंवा आटे सुरू होतात तिथं, तुटतो.

दुसरं कारण बॉडीतलं भोक. तिथून स्क्रू सैल आरपार जायला हवा. बॉडीतही आटे रुतत असतील तर स्क्रू नेकला बॉडीकडं ओढूच शकत नाही. आपण ‘अजून घट्ट बसेना’ म्हणून पिळत राहतो आणि सगळा पीळ स्क्रूच्या मानेवर येतो. त्यात आपल्याकडचा पावसाळा. चार महिने हवेत एवढा ओलावा की लाकूड फुगतं आणि हाताच्या घामानं गंजलेला स्क्रू त्यात आवळून बसतो. आणि ड्रिल तर काय, थांबायचं कुठं हे हाताला कळतं, मोटारीला नाही. मोटारीला फक्त पुढं जाणं माहीत.

‘लाकडात हाय होय?’

कोल्हापुरात काही तुटलं की पहिलं नाव येतं उद्यमनगरचं. शेतकऱ्याच्या ऑइल इंजिनापासून गाड्यांच्या कास्टिंगपर्यंत या शहरानं लोखंडाशी खेळूनच नाव कमावलं. इथल्या बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरासुद्धा इथंच घडवून घेतला आणि त्यावर ‘सैरंध्री’ काढला, 1920 मध्ये. (ही गोष्ट उद्यमनगरात गेलं की कुणीतरी सांगतंच. सांगू द्यावी.) तुटका स्टड काढणं तर इथलं रोजचं काम. म्हणून पोरं नेक पिशवीत घालून एका लेथवाल्या काकांकडं गेली. मीही सोबत होते.

तुटलेला स्टड इंजिनाच्या ब्लॉकमध्ये असेल तर काय काय करता येतं, ते काकांनी हातातलं काम न थांबवता सांगितलं. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तुटक्या टोकावर एक नट ठेवायचा, आतून वेल्डिंग भरायचं आणि पान्यानं फिरवायचा. वेल्डिंगच्या उष्णतेनं गंजाची पकड सुटते आणि धरायला नवं डोकंही मिळतं. दुसरा उपाय, मधोमध सेंटर पंच मारायचा, बारीक भोक पाडायचं आणि त्यात उलट्या आट्यांचा ‘ईझी आउट’ घालून उलटं फिरवायचं. टॅप तुटला असेल, तो तर ड्रिललाही दाद देत नाही, मग स्पार्क इरोजन मशीन. तेलात बुडवलेल्या जॉबवर विजेच्या ठिणग्या पाडत टॅप कणाकणानं खाऊन टाकायचा.

एवढं ऐकून पोरांचे चेहरे खुलले. मग काकांनी पिशवीत डोकावून बघितलं. “लाकडात हाय होय? मग वेल्डिंग कुठलं करतोस बाळ.”

आणि खरंच, एकेक करून सगळे उपाय बाद झाले. वेल्डिंग केलं तर नेकचा कोळसा. स्पार्क मशीनला जॉबमधून वीज जायला लागते आणि वर तो तेलात बुडवायला लागतो. लाकडाच्या बाबतीत दोन्ही अशक्य. ईझी आउटचं जरा वाटलं होतं. पण 3 मिलिमीटर गाभ्याच्या स्क्रूत मधोमध भोक पाडायचं म्हणजे ड्रिलचा बिट दीड-दोन मिलिमीटरचा हवा. स्क्रू पोलादी, भोवतीचं लाकूड त्याच्यापेक्षा कितीतरी मऊ. बिट एक सेकंद स्क्रूवर टेकतो आणि घसरून लाकडात शिरतो. लोखंडात बसलेल्या स्टडला भोवतीचं लोखंड सरळ धरून ठेवतं. लाकूड तसं काही करत नाही. त्यातून ईझी आउटच आत तुटला, तर स्क्रूपेक्षा कडक पोलाद भोकात अडकलं म्हणून समजा.

जाता जाता आणखी एक उपाय, कारण तो मला फार आवडला. घड्याळजी लोक पितळेच्या प्लेटमध्ये तुटलेला पोलादी स्क्रू तुरटीच्या गरम पाण्यात ठेवून विरघळवतात. तुरटी पोलाद खाते, पितळेला हात लावत नाही. पण नेक तुरटीच्या पाण्यात उकळणार कोण?

भोवतीनं जायचं

म्हणजे विचार उलटा करावा लागला. इंजिनात ब्लॉक वाचवायचा असतो, तो स्क्रूपेक्षा कडक किंवा निदान बरोबरीचा, म्हणून सगळा हल्ला स्क्रूवर. इथं वाचवायचंय ते लाकूड आणि स्क्रू त्याच्यापेक्षा कडक. मग स्क्रूला हात न लावता त्याच्या भोवतीचं थोडं लाकूड काढायचं, गाभ्यासकट स्क्रू बाहेर घ्यायचा आणि काढलेलं लाकूड परत भरायचं. गिटार दुरुस्त करणारे जगभर हेच करतात. त्यासाठी एक पोकळ नळी लागते, तोंडाला करवतीसारखे दात असलेली.

अशी नळी तयारही मिळते. पण उद्यमनगरात बसून ती मागवायची म्हणजे कोल्हापुरात येऊन मिसळ ऑनलाइन ऑर्डर केल्यासारखं. काकांनी 7 मिलिमीटरचा पोलादी रॉड लेथवर लावला, मधून साडेचार मिलिमीटरचं भोक घेतलं आणि तोंडावर तिकोनी कानशीनं सहा दात पाडले. दात डावीकडं झुकलेले, कारण नळी उलटी फिरवायची. उलटी का? नळीच्या आत स्क्रू थोडा जरी पकडला गेला, तर उलट्या फिरण्यानं तो सैल होईल, अजून घट्ट होणार नाही. लेथ जवळ नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या पोकळ रोल पिनला दात पाडूनही काम होतं, फक्त स्क्रू आतून जाईल एवढी पोकळी बघून घ्यायची.

आता खोलीचा हिशोब. हा चुकला तर ड्रिल फ्रेटबोर्डातून बाहेर येतं आणि मग खरंच दुसरी नेक बघावी लागते. स्क्रू 45 मिलिमीटर लांब. मागची प्लेट 2 मिलिमीटर. खाचेखालची बॉडी 28 मिलिमीटर. म्हणजे नेकमध्ये उरतो साधारण 15 मिलिमीटर. नेकचं बुड फ्रेटबोर्ड धरून सुमारे 25 मिलिमीटर जाड. नळीवर 16 मिलिमीटरला टेप गुंडाळली तर खाली 9 मिलिमीटर लाकूड शाबूत राहतं. प्रत्येक बेसची मापं थोडी वेगळी असतात, तेव्हा हे आकडे इथून उचलू नका. आपलं स्वतः मोजा. एक दिलासा असा की नेकच्या आतून जाणारा ट्रस रॉड मधोमध असतो आणि स्क्रू त्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळं नळी सरळ धरली तर रॉडला धक्का लागत नाही.

सरळ धरणं हेच अवघड. दात लाकडावर टेकले की नळी सुरुवातीला नाचते आणि आजूबाजूला ओरखडे काढते. त्यावर उपाय म्हणजे लाकडाच्या एका ठोकळ्यात 7 मिलिमीटरचं सरळ भोक पाडून तो ठोकळा स्क्रूच्या नेमका वर क्लॅम्प करायचा. नळी ठोकळ्याच्या भोकातून खाली जाते, तिला नाचायला जागाच उरत नाही. ठोकळा धरला तर टेपची खूण त्याच्या उंचीएवढी वर सरकवायची, हे पोरांपैकी एकीच्याच लक्षात आलं. बाकीचे सगळे इंजिनिअरिंगचे. ती बीएची.

मग ड्रिल रिव्हर्सवर, अगदी हळू. तीन मिलिमीटर गेलं की बाहेर काढायचं, नळीतला भुसा टाचणीनं साफ करायचा, परत आत. भुसा साठला की नळी कापायची थांबते आणि फक्त घासते. जळक्या लाकडाचा वास आला की समजायचं घाई होतेय. पहिल्या स्क्रूला वीसेक मिनिटं लागली. टेपची खूण टेकली, नळी बाहेर काढली तर मधे लाकडाचा बारीक खांब उभा आणि त्याच्या पोटात स्क्रू. निमुळत्या पकडीनं धरून थोडा हलवला आणि तो बुडातून सुटून आला. दुसरा तर नळीतच अडकून बाहेर आला, उलट्या फिरण्याचा फायदा.

स्क्रू पृष्ठभागाच्या वर दोन-तीन मिलिमीटर जरी शिल्लक असता, तर एवढं सगळं करावं लागलं नसतं. तेव्हा तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूवर अर्धा-एक मिनिट धरायचं, स्क्रू तापून लाकडाची पकड सैल होते. मग लॉक होणाऱ्या पकडीनं धरून पाव-पाव वळसा फिरवायचा. थोडं मागं, थोडं पुढं. झटका दिला की परत तुटणार.

मोठं भोक, छोटा स्क्रू

स्क्रू निघाले म्हणून सगळ्यांनी चहा घेतला. पण आता नेकमध्ये 7 मिलिमीटरची दोन भोकं होती आणि स्क्रू सव्वाचारचा. काडेपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल भरून टाकू, असा ठराव लगेच मांडला गेला. दरवाजाच्या बिजागरीला चालतं ते. पाऊणशे किलोच्या ताणाला नाही.

लाकडाची गोल खुंटी ठोकून चिकटवावी, हे बऱ्याच जणांना सुचतं आणि बरेच जण करतातही. पण त्यात एक खोट आहे. बाजारात मिळणाऱ्या खुंटीत लाकडाचे तंतू तिच्या लांबीनं, उभे असतात. तिच्यात वरून स्क्रू घातला की तो तंतूंच्या टोकांमधून, त्यांना समांतर आत शिरतो आणि पकड कमी मिळते. नेकच्या मूळ लाकडात मात्र तंतू आडवे असतात, स्क्रू ते कापत जातो आणि आटे त्यांच्यात अडकतात. म्हणजे बूच असं हवं की ज्यातले तंतू नेकच्याच दिशेनं आडवे जातील. ते लाकडाच्या फळीतून आडवं कापून काढावं लागतं.

इथं काकांनी हात वर केले. लोखंडाचं बोला, तंतूंचं मला विचारू नका, असा एकूण सूर. त्यांनीच मिरजेचं नाव काढलं.

मिरज कोल्हापूरहून पन्नासेक किलोमीटर, रेल्वेनं तासाभराचं अंतर. तिथली सतार आणि तानपुरा देशभरच्या गवयांच्या घरी आहेत. 2024 मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण या कथेत मला जास्त रस वाटला तो तिथल्या कारागिरांच्या मुळात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेत हे काम सुरू करणारे फरीदसाहेब शिकलगार घराण्यातले. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले यांना धार आणि पाणी देणारे. संस्थानांच्या लढाया संपल्या, हत्यारांना गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा ही माणसं लोखंड सोडून लाकूड आणि भोपळ्याकडं वळली आणि आडनावच सतारमेकर झालं. म्हणजे लोखंडाकडून लाकडाकडं जाण्याचा आमचा प्रवास त्यांनी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी करून ठेवलेला.

पारंपरिक तानपुऱ्यात दांडी आणि भोपळ्याचा सांधा सरसावर धरतो. खुंट्या नुसत्या भोकात दाबून बसवलेल्या असतात. घसरायला लागल्या तर खडू लावायचा, जास्तच घट्ट झाल्या तर काढून घासायच्या. आटे नाहीतच, तर तुटणार काय. तिथल्या एका कारागिरानं बेसची नेक उलटीपालटी करून बघितली, वास घेतला (हो, वास) आणि एवढ्या मोठ्या लाकडाला चार खिळे कशाला मारले, असं विचारलं. फेंडरचा हिशोब त्यांना समजावण्याचा प्रयत्न झाला. फारसा पटला नाही.

काम मात्र त्यांनी बघण्यासारखं केलं. कडक, वाळलेल्या लाकडाचा एक तुकडा निवडला, नेकवर ठेवून तंतूंची दिशा जुळवली, त्यातून आडवी दोन बुचं कापली आणि भोकात जाताना हाताला किंचित विरोध होईल इतपत घासली. हातोडी मारून आत जाणारं बूच सरसाला बाहेर ढकलतं आणि कोरडं बसतं, तर सैल बसलेलं नुसत्या सरसाच्या जिवावर राहतं. यातलं कुठलंच नको. सरस भोकाच्या कडेला लावायचा, बूच अर्धं आत गेल्यावर फिरवून तंतू पुन्हा एका रेषेत आणायचे, दाबायचं, आणि चोवीस तास हात लावायचा नाही. हे चोवीस तास पोरांना फार जड गेले. दुसऱ्या दिवशी वर आलेला भाग धारदार पटाशीनं कापून सपाट केला.

हेच काम कोल्हापुरातल्या चांगल्या सुतारानंही केलं असतं, हे मान्य. पण सुताराला नेकचा वास घ्यावासा वाटला असता का, शंका आहे.

परत बांधताना

नवं भोक कुठं पाडायचं ते नजरेनं ठरवू नका. नेक बॉडीच्या खाचेत ठेवून, चांगले असलेले दोन स्क्रू लावून, उरलेल्या दोन भोकांतून अणकुचीदार खिळ्यानं खूण करून घ्यायची. मग नेक काढून त्या खुणांवर 3 मिलिमीटरचं भोक, परत टेप लावून. बॉडीतली भोकं साडेचार मिलिमीटरची करून घेतली, म्हणजे स्क्रू तिथून सैल जातील. चारही स्क्रू नवे घेतले, कारण जे दोन वाचले होते त्यांनीही तेवढाच पीळ सोसला होता.

स्क्रूच्या आट्यांवर मेणबत्ती घासली. हे एवढंसं काम आधी झालं असतं तर हा लेखच झाला नसता. मेण नसेल तर कोरडा साबण लावतात, पण साबण हवेतलं पाणी धरतो आणि पोलाद गंजतं. आपल्या हवेत मेणच बरं.

आणि ड्रिल कपाटात. हातानं, नेमक्या मापाच्या पेचकसानं. जुन्या भोकात स्क्रू परत घालताना आधी उलटा फिरवायचा, हलकासा ‘टुक्’ होऊन तो जुन्या आट्यांत उतरतो, मग सुलटा आवळायचा. तसं न करता थेट आवळला की तो नवे आटे पाडतो आणि दोन-चार वेळात भोकाचा भुगा होतो. चारही स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरचे आलटून पालटून, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे. प्लेट नीट बसली, स्क्रूनं विरोध केला की थांबायचं. त्यानंतरचा अर्धा वळसा फक्त स्वतःच्या समाधानासाठी असतो.

या निमित्तानं हेडस्टॉकचंही सांगते, कारण तिथं स्क्रू याहून जास्त वेळा तुटतात. जुन्या पद्धतीच्या बेसमध्ये प्रत्येक किल्लीला मागून चार बारीक स्क्रू असतात, म्हणजे एकूण सोळा. जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर. त्यातला एक तुटला आणि बाकीचे तीन घट्ट असतील, तर माझं मत असं की तो तसाच सोडून द्या. किल्लीच्या प्लेटखाली तो झाकला जातो. बेसच्या तारेचा ताण मुख्यतः किल्लीच्या जाड दांड्यावर आणि तिच्या भोकावर येतो, त्या बारीक स्क्रूंचं काम किल्ली फिरू नये एवढंच. जेमतेम दीड सेंटिमीटर जाडीच्या हेडस्टॉकमध्ये नळी घालून धोका कशाला पत्करायचा? दोन तुटले तर मात्र काढावे लागतात, आणि तेव्हा नळी त्याच पद्धतीची, फक्त बारीक.

तारा एका दमात न चढवता आधी एक-दीड सूर खाली लावून बेस रात्रभर ठेवला. सकाळी फट नव्हती. मग पूर्ण सुरात. दोन दिवस दर काही तासांनी कुणीतरी व्हिजिटिंग कार्ड घेऊन ते जोडात शिरतंय का बघत होतं. शिरलं नाही.

महोत्सवात त्यांचं पाश्चात्य समूहगीत झालं. नंबर आला नाही, त्याला बेस जबाबदार नव्हता. पहिली ओळच दोघींनी वेगवेगळ्या पट्टीत उचलली. काकांनी केलेली ती दातांची नळी आता बेसच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात असते, दोन तुटके स्क्रू आणि अर्ध्या मेणबत्तीसोबत. गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका कॉलेजच्या बँडनं ती मागून नेली. त्यांच्या बेसचा बुडाकडचा एक स्क्रू गेलाय. ठोकळाही द्या म्हणाले, तर तो कुणीतरी टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली लावून ठेवला होता.